आटलेल्या ओढ्यात जूनमध्ये मासे येतात कुठून?

ओढ्याकाठचा | ९ जून, रात्री १०:१२

आमचं गाव भोर तालुक्यात. घरामागून ओढा जातो. फेब्रुवारी सरताना त्याची धार तुटते, एप्रिलात डबकी उरतात आणि मे महिन्यात पोरं त्याच्या पात्रात क्रिकेट खेळतात. आम्हीही खेळलोय. जूनमध्ये दोन दणके पाऊस झाला, ओढा वाहू लागला, की चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात मासे हजर. बोटाएवढे बरेच, वीतभर एखादाच.

हे येतात कुठून, हा माझा प्रश्न इयत्ता तिसरीपासूनचा. आजी म्हणायची, पावसाबरोबर पडतात. अण्णा (माझे चुलते) म्हणतात, जमिनीतच असतात, मृगाचा वास लागला की उठतात. गुरुजी म्हणाले होते, नदीतून येतात. पण नदी दोन किलोमीटर खाली, आणि मध्ये कातळाच्या दोन पायऱ्या आहेत, त्यातली एक माझ्या छातीला लागते. मासा ती चढणार कसा?

यंदा मे महिन्यात डबकं खोल करायला जेसीबी लावला होता. वरचा चिखल भेगाळून टणक झालेला. हातभर खाली गेल्यावर ओला गाळ लागला आणि त्यातून एक मरळ निघाला, जिवंत. बादलीत टाकला तर शेपटी आपटायला लागला. अण्णा माझ्याकडे बघून फक्त "बघ" म्हणाले.

तर जाणकारांनी सांगावं. एवढ्याशा पाण्यात, चिखलात, पुरात, घाणीत मासा टिकतो कसा? आणि ती कातळाची पायरी?

नस्ती_उठाठेव | ९ जून, रात्री १०:३१

आधी हे सांगा, त्या मरळाचं पुढे काय झालं? बाकी चर्चा नंतर.

ओढ्याकाठचा | ९ जून, रात्री १०:३४

विहिरीत सोडला. खरंच. अण्णा आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

शेवाळ | ९ जून, रात्री ११:५०

मी मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी आहे, तेव्हा जरा लांबण लागेल. सोसा.

तुमच्या घरात तिघांनी तीन उत्तरं दिली. त्यातली दोन बरोबर आहेत. आजीचं तेवढं बाजूला ठेवू. वावटळीने मासे उचलून दुसरीकडे टाकल्याच्या नोंदी जगात आहेत, पण दर जूनला नेमकं तुमच्याच ओढ्यावर ते घडायचं नाही.

अण्णांचं घ्या. मरळाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, एक पोकळी असते. तिच्या आतल्या अस्तराला भरपूर रक्तवाहिन्या. मरळ पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो, ती त्या पोकळीत साठवतो आणि तिथून प्राणवायू रक्तात घेतो. मोठ्या मरळाला ही सोय नसून गरज आहे. त्याला वर येऊ दिलं नाही, जाळ्यात पाण्याखाली अडकवून ठेवलं, तर तो गुदमरून मरतो. पाण्यात बुडून मरणारा मासा! म्हणजे पाणी आटत चाललं की बाकीच्यांचा जीव जातो तेव्हा हा गाळात शिरतो, कातडी ओली राहील एवढी ओल मिळाली तरी त्याला पुरते, आणि हालचाल बंद करून बसतो.

मांगूरही याच जातीचा जुगाडू. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा फुटवा असतो, हवेतही न चिकटणारा. आपले साधे कल्ले हवेत आले की ओल्या पुस्तकाच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात, म्हणून मासा हवेत गुदमरतो. मांगूर त्यातून सुटला. पावसाच्या रात्री ओल्या गवतातून पुढच्या परांच्या काट्यावर रेटत तो एका डबक्यातून दुसऱ्यात जातो.

पण तुम्हाला चौथ्या दिवशी दिसले ते बोटाएवढे मासे बहुतेक चिखलातले नव्हेत. ते गुरुजींचे. त्यावर उद्या, आता झोपते.

वलगणवाली | १० जून, सकाळी ७:०५

शेवाळताईंच्या आधी मी घुसते, कारण हा आमचा प्रांत. रायगडात याला वलगण म्हणतात, तळकोकणात चढणीचे मासे. पहिला जोराचा पाऊस झाला, शेतातून तांबडं पाणी ओहोळात आणि ओहोळातून नदीत उतरलं, की मासे त्या पाण्याला उलटे भिडतात. रात्री बॅटरी घेऊन बांधावर जायचं. शेताच्या तोंडाशी पाणी पडतं तिथे ते अक्षरशः उड्या मारत असतात. पोटं गाभोळीने टम्म. वडील खोयन लावायचे, बांबूच्या कामट्यांचा सापळा, माशाला आत जाता येतं, बाहेर येता येत नाही.

एवढे कष्ट घेऊन ते शेतात का येतात हे मला मोठेपणी कळलं. उथळ, कोमट, नुकतं भरलेलं पाणी. गवत बुडलेलं. पिल्लांना खायला सूक्ष्म किडे भरपूर आणि त्यांना खाणारे मोठे मासे कमी. पाऊस ओसरायच्या आत अंड्यातून पिल्लू, पिल्लातून मासोळी, आणि उतरत्या पाण्याबरोबर परत नदीत. चार महिन्यांचं बिऱ्हाड.

कबूल करते की लहानपणी गाभोळीची मासळी आवडीने खाल्ली. आता खाववत नाही. पाच-पन्नास घरं खोयन लावायची तोवर ठीक होतं, आता ओहोळाच्या तोंडावर आडवं नायलॉनचं जाळं लावून सगळंच उचलतात.

नस्ती_उठाठेव | १० जून, सकाळी ९:२०

म्हणजे ऐन बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बायकांना वाटेत गाठायचं. शाब्बास.

(खाणाऱ्यांत मीही आहे, रागावू नका.)

शेवाळ | १० जून, दुपारी २:४०

वलगणवालीताईंनी माझं निम्मं काम केलं. आता त्यांना निघायची वर्दी कशी मिळते ते. पाणी अचानक गार होतं, वाढतं, गढूळ होतं, त्यातले क्षार पातळ होतात, प्रवाहाला जोर येतो. या सगळ्याची मिळून खूण पटली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी कामाला लागते आणि अंडी पिकून बाहेर पडायची वेळ होते. रोहू, कटला, मृगळ हे मोठे नदीतले मासे या खुणेवाचून अडून बसतात. तळ्यात कितीही खायला घाला, वाढतील, अंडी घालणार नाहीत. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी दुसऱ्या माशाच्या पीयूषिकेचा अर्क टोचून त्यांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. म्हणून १० जुलै हा आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन. आज बाजारातली रोहू तुम्ही खाता ती त्या टोचणीची कृपा. माशाला फसवून सांगायचं, पूर आला बरं का.

आता ओढ्याकाठचा यांची कातळाची पायरी.

तुमच्या ओढ्यात तळाला चिकटून बसणारा, खालून चपट्या तोंडाचा, काळपट मासा असेल. मळ्या म्हणतात त्याला बऱ्याच ठिकाणी. त्याच्या हनुवटीखाली मांसल चकती असते. ती दगडाला दाबली की तो पुराच्या पाण्यातही जागचा हलत नाही. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, म्हणजे जिथे चिकटला तिथेच ताट. भिजलेल्या कातळावरून, जिथे जेमतेम पाण्याचा पापुद्रा आहे तिथूनही, तो थांबत थांबत वर सरकतो. तुमची छातीएवढी पायरी त्याला एका रात्रीचं काम असावं. शिंगट्यांचा एक लहान डोंगरी भाऊबंद आहे, त्याच्या छातीवर कातडीच्या उभ्या-आडव्या चुण्या असतात, बुटाच्या तळव्यासारख्या. काम तेच.

गंमत अशी की या दोघांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही. एक कार्पच्या घराण्यातला, दुसरा मिशाळ माशांच्या. दोघांना एकच अडचण आली, वाहून जायची, आणि दोघांनी आपापल्या अंगात जे होतं त्यातून उपाय काढला. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९३० मध्ये झऱ्यातल्या प्राण्यांच्या अशाच चिकटून राहण्याच्या अवयवांवर मोठा निबंध लिहिला. पुढे त्याने असंही मांडलं की असे मासे पूर्व हिमालयाकडून सातपुड्याच्या वाटेने सह्याद्रीत आले. त्या मांडणीला आज बरेच आक्षेप आहेत, पण नकाशासमोर बसून ती वाचताना मजा येते.

जुनी_वही | १० जून, संध्याकाळी ६:१५

निवृत्त शिक्षक, त्यामुळे मध्ये बोलायची खोड. वर 'मळ्या' आलंय म्हणून सांगतो. त्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. हा 'मुल्या' लॅटिन नव्हे, आपला मळ्याच. कर्नल विल्यम साईक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनभर फिरून पाहणी करत होता. त्याने इथल्या माशांवर १८३९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि नवीन माशांना नावं देताना कोळ्या-भोयांच्या तोंडची नावं तशीच उचलली. खडशी, म्हणजे आपल्याकडचा महसीर, झाली खुद्री, कोळस झाला कोलस, मुरी झाली मोरेह, शिंगटी झाली सींगटी. जगातला कुठलाही मत्स्यतज्ज्ञ आज महसीरचं नाव घेताना भीमाकाठच्या कुणा भोयाचा शब्द उच्चारतो. त्या भोयाचं नाव मात्र कुठे नाही.

भीमातीर | १० जून, रात्री ९:०२

जुनी वही सर, नमस्कार. त्या भोयाच्या वंशातलाच समजा. आमची वस्ती उजनीच्या पाणलोटाला, इंदापूर बाजूला. मला शास्त्र येत नाही, पाण्यात काय निघतं ते सांगतो.

आजोबा वाहत्या भीमेत पाग टाकायचे. कानस, वाम, शिंगटी, मरळ, आणि कधीतरी खडस, म्हणजे सरांची ती खडशी. खडस मिळाला की गावभर बातमी. १९८० मध्ये धरण भरलं. नदी होती तिचा दर्या झाला. खडस त्यानंतर वडिलांनी फारसा पाहिला नाही, मी जाळ्यात एकदाही पाहिलेला नाही. आमच्या ताटात, बाजारात, टेम्पोत सगळीकडे आता चिलापी.

लोक चिलापीला नावं ठेवतात. पण भाऊ, त्या माशाला मानलं पाहिजे. काय खात नाही ते विचारा. शेवाळ, किडे, गाळ, दुसऱ्याची अंडी. पाणी हिरवंगार होऊन वास मारतो, पहाटे बाकीचे मासे तोंड वर करून आचके देतात, ही त्यातही टिकते. मादी अंडी तोंडात ठेवते, पिल्लंही धोका दिसला की आईच्या तोंडात पळतात. पाणी कमी पडलं, दाटी झाली, की तळहाताएवढी व्हायच्या आधीच अंड्यावर येते. मोठं होण्यात वेळ घालवत नाही. हिला दुष्काळ कळतो.

गेल्या काही वर्षांत जाळ्यात तो खरबरीत, चिलखत घातल्यासारखा सकर येतोय. मत्स्यालयातून कुणीतरी सोडलेला. काटे जाळ्यात असे अडकतात की जाळं कापावं लागतं. खात कुणी नाही. उन्हात बांधावर टाकला तर संध्याकाळपर्यंत जिवंत.

काचेचं_तळं | १० जून, रात्री ९:४८

@भीमातीर दादा, आम्हा मत्स्यालयवाल्यांच्या वतीने माफी मागतो. तो दोन इंचाचा असताना 'काच साफ करतो' म्हणून विकतात, फूटभर झाला की टाकी पुरत नाही आणि 'दया' येऊन लोक नदीत सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो हवा गिळतो आणि पोटाच्या भिंतीतून प्राणवायू घेतो, म्हणून उन्हात टिकतो. कृपा करून कुणीही टाकीतला मासा नदी-तलावात सोडू नका, विसर्जनाच्या भावनेने तर नकोच.

पहाटेचे आचके का ते माझ्या टाकीवरून कळलं. दिवसा वनस्पती प्राणवायू सोडतात. रात्री त्या सोडत नाहीत, उलट वापरतात. म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाच्या आधीची. त्यात उन्हाळा. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिशीच्या पाण्यात साडेसात. आणि गरम पाण्यात माशाचा श्वास वाढलेला असतो. पगार कमी, खर्च जास्त, अशी अवस्था.

डॉ_निवांत | ११ जून, सकाळी ८:३०

धागा रंगलाय. सगळे प्राणवायूवर बोलताहेत, मी लघवीवर बोलतो. डॉक्टरांकडून दुसरी काय अपेक्षा?

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं, भिजवलेल्या मनुक्यासारखं. मासा फुगून फुटत नाही याचं कारण त्याचं मूत्रपिंड. तो पाणी जवळजवळ पीतच नाही आणि दिवसभर पातळ लघवी करत राहतो. त्याबरोबर जाणारं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून ओढून भरून काढतात. समुद्री माशाचं नेमकं उलटं, तो पाणी पितो आणि मीठ बाहेर टाकतो.

आता अहीर घ्या, नदीतला सापासारखा मासा. जन्म समुद्रात, वाढ नदीत, अंडी घालायला पुन्हा समुद्रात. आयुष्यात दोनदा ही सगळी पंपव्यवस्था उलटी फिरवायची! भीमातीर यांची चिलापीही खाऱ्या पाण्यात निभावते, म्हणून तर खाड्यांच्या तोंडापर्यंत पोचली.

याहून कहर म्हणजे केनियातल्या मगाडी सरोवराच्या काठच्या गरम झऱ्यांतली चिलापीची चुलत बहीण. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी, आणि तापमान चाळिशीच्या वर. साधा मासा शरीरातला अमोनिया कल्ल्यांतून सोडून देतो. एवढ्या अल्कलीत तो सुटत नाही, अंगातच साठून जीव घेतो. तर ही त्याचा युरिया करते, तुमच्याआमच्यासारखा. माझ्या रुग्णांना मूत्रपिंडाचं महत्त्व पटत नाही तेव्हा या मासोळीची गोष्ट सांगतो. तरी पटत नाही ते सोडा.

उत्तररात्र | ११ जून, दुपारी १:१० (ओस्लोत सकाळ आहे)

इथली एक गोष्ट टाकल्याशिवाय राहवत नाही. नॉर्वेत करूस नावाचा कार्पचा एक साधा भाऊबंद लहान तळ्यांत राहतो. हिवाळ्यात तळं वरून गोठतं, बर्फावर हिम साचतं, आत उजेड नाही, म्हणून वनस्पतींचा प्राणवायू नाही. काही महिने पाण्यात प्राणवायू जवळजवळ शून्य. करूस तरी जगतो.

प्राणवायूशिवाय स्नायूंनी काम केलं की आपल्याकडे लॅक्टिक आम्ल साचतं, जिना चढल्यावर पोटऱ्या भरतात ते त्यामुळेच असं मला शाळेत शिकवलं होतं (डॉक्टर, चूक असेल तर धरा). करूस त्या आम्लाचा मद्यार्क करतो आणि कल्ल्यांतून सोडून देतो. २०१७ मध्ये ओस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी यामागची यंत्रणा उलगडली. याच्या पूर्वजांत कधीकाळी सगळ्या जनुकांची दुहेरी प्रत तयार झाली होती. एका प्रतीने नेहमीचं काम सांभाळलं, दुसरी या कामाला मोकळी झाली. माशाच्या रक्तातला मद्यार्क १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर जातो. इथे तेवढ्यावर गाडी चालवली तर परवाना जाईल.

नस्ती_उठाठेव | ११ जून, दुपारी १:२२

संपूर्ण धाग्यातला सर्वांत सुसंस्कृत मासा.

डॉ_निवांत | ११ जून, दुपारी १:४०

@उत्तररात्र, पोटऱ्यांचं दुसऱ्या दिवशीचं दुखणं आम्लाने नव्हे, स्नायूंच्या बारीक इजांनी असतं. पण करूसची गोष्ट फर्मास.

ओढ्याकाठचा | ११ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली. आपण 'जुळवून घेतलं' असं सगळ्यांबद्दलच म्हणतोय. पण मरळ गाळात बसला ते जुळवून घेणं आणि मळ्याला चकती फुटली ते जुळवून घेणं, हे एकच का? आणि तसं असेल तर खडसही धरणाशी जुळवून घेईल की. वेळ द्यायला हवा एवढंच.

शेवाळ | १२ जून, रात्री १२:३०

याच प्रश्नाची वाट बघत होते.

एकच नाही. आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत, सोसणं आणि घडणं. एकाच माशाने आपल्या हयातीत गरम पाणी, कमी प्राणवायू, उपास काढणं, हे सोसणं. ज्याचं अंग त्या पाण्यात जरा बरं चालतं त्याची पिल्लं जास्त जगली, असं पिढ्यान्‌पिढ्या होत सगळी जातच बदलत गेली, हे घडणं. मरळ गाळात बसून सोसतो, पण सोसायला लागणारी डोक्यातली पोकळी घडायला अतोनात काळ गेला. मळ्याने पूर बघून चकती काढली नाही.

घडायला नेहमीच लाखो वर्षं लागतात असंही नाही. त्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांत गप्पी मासे आहेत, तेच ते, आपल्याकडे डासांसाठी गटारात सोडतात ते. धबधब्याखाली त्यांना खाणारे मोठे मासे असतात, वर कमी. खालच्या गप्पी लवकर वयात येतात आणि भरपूर, बारीक पिल्लं देतात. वरच्या सावकाश. संशोधकांनी खालचे गप्पी उचलून वरच्या, बिनशत्रूच्या पाण्यात सोडले. अकरा वर्षांत, तीस ते साठ पिढ्यांत, त्यांचं आयुष्य वरच्यांसारखं सावकाश झालं, आणि ते वंशात उतरलं होतं. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता खडस. गप्पीच्या पिढ्या महिन्यांत मोजतात, खडसाच्या वर्षांत. त्याला वाहतं, थंडसर, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि अंड्यांसाठी स्वच्छ गोटे लागतात. गोट्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरतात. नदी एका पावसाळ्यात तलाव झाली तर घडायला तो सवड आणणार कुठून?

त्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर खडस बिचारा ठरेल. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाची पैदास झाली, लाखो बोटुकली देशभर गेली. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला धोक्याच्या वर्गातून काढलं. पण ती बोटुकली कावेरीतही सोडली गेली. तिथे तिथलाच मोठ्या कुबडाचा महसीर होता, जगात फक्त त्या खोऱ्यात. आपला खडस तिथे असा फोफावला की कुबडवाला आज अगदी नामशेष व्हायच्या काठावर आहे. त्यामागे धरणं आणि वाळूउपसा वगैरेही आहेच. तर भीमेत जो हरला तो कावेरीत चिलापी झाला. कुठला मासा 'चिवट' हे पाण्यावर ठरतं.

भीमातीर | १२ जून, सकाळी ६:४५

ताई, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. बरोबर आहे. आमच्या इथे वाहत्या पाण्याचं सगळं गेलं आणि थांबल्या पाण्याचं सगळं आलं. मासे संपले नाहीत, टनाने निघतात. तऱ्हा संपल्या.

जुनी_वही | १२ जून, सकाळी १०:२०

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीचा डोह, तिथले महसीर कुणी मारत नाही, यात्रेकरू लाह्या-चुरमुरे टाकतात आणि हाताएवढे मासे वर येतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथेही तसंच. ओढ्याकाठचा, तुमच्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा, की उन्हाळ्यात नदी तुटते तेव्हा मासे अशा कोंडी आणि डोहांत कोंडून राहतात. जूनमध्ये तिथूनच सगळीकडे पांगतात. डोह म्हणजे नदीचं बियाणं. तुमच्या ओढ्याच्या खाली नदीत डोह असणार, शोधा.

काचेचं_तळं | १२ जून, सकाळी ११:०५

पक्ष्यांच्या पायाला अंडी चिकटून मासे पसरतात हे कितपत खरं?

शेवाळ | १२ जून, दुपारी ३:१५

पायाचं पुराव्याने फारसं सिद्ध नाही, पोटाचं थोडं आहे. हंगेरीत बदकांना कार्पची अंडी खाऊ घातली, त्यातली हजारात दोनएक शिटेतून धड बाहेर आली आणि काहींतून पिल्लंही निघाली. हे २०२० चं काम. एकाकी तळ्यात मासे कसे पोचतात याचं ते एक उत्तर असू शकतं. पण ज्या ओढ्याला खाली नदी आहे तिथे बदकाला श्रेय द्यायची गरज नाही.

आणि अण्णांच्या 'जमिनीत असतात' ला आफ्रिकेत अजून जोरदार दुजोरा आहे. मोझांबिक-झिम्बाब्वेच्या पावसाळी डबक्यांत किलिफिश असतो. डबकं आटतं, मासे मरतात, अंडी वाळल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघतात. पाणी पडलं की पिल्लं, आणि चौदा दिवसांत तीच पिल्लं अंडी घालायला तयार. आपल्या ओढ्यात असं कुणी नाही, पण अण्णांना सांगा, कल्पना चुकीची नव्हती.

अजून एक, मग थांबते. तुमच्या ओढ्यात चट्टेपट्ट्यांची मुरीही असेल, जुनी वही सरांनी नाव घेतलं ती. तिच्यातल्या एका प्रकाराला १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यांवरून इव्हेझार्डी हे नाव मिळालं. याच नावाखाली नोंदलेली मुरी बस्तरमध्ये, जगदलपूरजवळच्या कोटमसर गुहेत सापडते. गुहेत कायमचा अंधार. तिथल्या मुरीचे डोळे लहान झालेत, काहींचे अगदी नावापुरते, आणि अंगाचा रंग उडालाय. आपली मुरी मुळातच निशाचर, दगडाखाली राहणारी, मिशांनी चाचपून खाणारी. अंधारात जगायचं निम्मं सामान घेऊनच ती गुहेत शिरली म्हणायची.

वलगणवाली | १२ जून, दुपारी ३:५०

शेवटच्या परिच्छेदासाठी वाचनखूण साठवली.

ओढ्याकाठचा | २१ जून, रात्री ८:२०

धागा वर काढतोय. बुधवारी रात्री गावाला दणकून पाऊस झाला, शनिवारी सकाळी मी पोचलो. ओढा गुडघाभर, गढूळ. अण्णांना घेऊन कातळाच्या पायरीपाशी दोन तास बसलो. पाण्याच्या मुख्य धारेत काही दिसेना. मग अण्णांनी बाजूला बोट केलं, जिथे कातळ नुसता पाझरत होता. काळ्या दगडावर काळी बोटं चिकटल्यासारखे सात-आठ मासे. एक सरकायचा, थांबायचा. दुसरा घसरून खाली आला आणि पुन्हा लागला. एक वर पोचताना बघायचा होता, पण पाऊस वाढला आणि अण्णा छत्रीवरून कुरकुरायला लागले.

वरच्या डबक्यात मात्र आधीच मासे होते. चुलतभावाच्या मुलाने एक ओंजळीत धरला. पिवळसर अंग, काळे पट्टे, बोटभर. फोटो हलला आहे, चिकटवत नाही. मळ्या की मुरी?

शेवाळ | २१ जून, रात्री ८:४४

पट्टे म्हणताय तर मुरी वाटते. मिशा मोजल्या का? मळ्याला दोन जोड्या, मुरीला तीन. चार जोड्या असतील तर तिसरीच कुणीतरी.

ओढ्याकाठचा | २१ जून, रात्री ९:०१

फोन करून विचारलं. पोरगं म्हणतं सहा मोजल्या, मग ती हातातून सुटली.

शेवाळ | २१ जून, रात्री ९:०३

मुरी. आणि ती वर आधीच होती म्हणताय, तर उन्हाळ्यात त्या डबक्याच्या तळाशी दगडाखाली ओल कुठे राहते ते पुढच्या मे महिन्यात बघा. जेसीबी न लावता.

नस्ती_उठाठेव | २१ जून, रात्री ९:१०

आणि विहिरीतला मरळ?

ओढ्याकाठचा | २१ जून, रात्री ९:१६

आहे. हवा घ्यायला वर आला की अण्णा काठावरून बघत बसतात. अजून बोलले काही नाहीत.